आधी नाक, मग डोळे

नवसूबाबाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याचं बोट माझ्या नाकाखाली होतं.

मोखाड्याकडे, पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर मी शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत चारही इयत्ता, दुसरीत मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि मी. पंधरा दिवसांत मला हिवतापाने गाठलं. भरदुपारी थंडी वाजत होती म्हणून चादर डोक्यावरून ओढून पडले होते. कुणीतरी ती चादर तोंडावरून खाली ओढली आणि मला जाग आली. बघते तर एक बुटका, काळासावळा म्हातारा माझ्यावर वाकलेला, आणि त्याने आपलं बोट माझ्या नाकाखाली आडवं धरलेलं. मी अशी किंचाळले की अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. म्हातारा जागचा हलला नाही. माझे आणखी दोन श्वास त्याने बोटावर घेतले, "चालू हाय," असं बोलला आणि निघून गेला.

मी संगमनेरकडची, तोंडाने फटकळ. ताप उतरल्यावर पहिलं काम केलं ते तक्रारीचं. शेजारच्या जनीबाईला गाठलं. ही विधवा बाई, तिशी नुकतीच ओलांडलेली. माझं पाणी तीच भरून द्यायची.

"कोण तो म्हातारा? घरात शिरतो काय, नाकाला बोट काय लावतो!"

जनीबाई पदरात हसली. "माजं मोठं दीर हायत ते, बाई. नवसूदादा. देवाची सोंगं करतात. झोपल्यालं मानूस दिसलं का बोट लावतात. तुमी त्वांडावर पांगरून घेऊ नका, म्हंजे येनार नाय."

पाड्यावर सगळ्यांना ही सवय ठाऊक होती. थंडीत सूर्यमाळच्या डोंगरावरून वारा सुटला की माणसं गोधडीत डोकं खुपसून झोपत, आणि पहाटे नवसूबाबा घरोघर जाऊन गोधड्या खाली ओढत फिरे. पोरं त्याची नक्कल करायची. वर्गात एखादा पेंगला की शेजारचा त्याच्या नाकाला बोट लावून "चालू हाय" म्हणे आणि सगळा वर्ग खिदळे. मला हसू येत नसे. वावर-वांगणीकडे कुपोषणाने लेकरं गेली त्याला तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. त्या भागात मूल जरा जास्त वेळ झोपलं तरी आईचा हात आपोआप त्याच्या नाकाशी जायचा. म्हातारा त्यातलंच काहीतरी मनात धरून बसला असेल, असं मी ठरवून टाकलं. असा आपल्या सोयीचा अंदाज बांधला की पुढे विचारावं लागत नाही. मी पुढची चार वर्षं विचारलं नाही.

त्याच्या दुसऱ्या सवयी मात्र मी हौसेने गोळा करत होते. कुणाच्याही दाराशी आला की तो नावाने हाक मारत नसे. "आत मानूस हाय का?" असं विचारायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, दार उघडं आहे, मी समोर बसलेय, दिसत नाही का?" तर म्हणाला, "दिसतंय तं. पन बोललेलं बरं." बिडी ओढत नसे, ताडी घेत नसे. चालताना मधेच थांबून लांब श्वास घ्यायचा, जणू पुढच्या वाटेवर हवा मिळेल की नाही याची खात्री नसावी.

परीक्षा संपल्या की तो शाळेत हजर होई. जुन्या उत्तरपत्रिका हव्या असत त्याला. कागद पाण्यात आठवडाभर भिजवायचा, कांडायचा, त्यात मेथीची पूड आणि डिंक घालून लगदा करायचा, आणि त्यातून हलकी सोंगं, म्हणजे देवांचे मुखवटे, घडवायची. मी त्याला गठ्ठे देताना विचारलं, "पहिलीचे वेगळे ठेवू का? चौथीचे वेगळे?"

"नको. भिजलं का सगळ्या इयत्ता सारख्याच," तो म्हणाला.

गुळगुळीत कागदावर त्याचा राग होता. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने पाठवलेल्या रंगीत पुस्तिका मी एकदा दिल्या, त्या त्याने दुसऱ्या दिवशी आणून ठेवल्या. पाणी पीत नाहीत म्हणाला. एका वर्षी हनुमानाच्या सोंगात आतल्या बाजूने डोकावले, तर गालाच्या जागी एका पोराच्या वळणदार अक्षरात "गाय उपयुक्त पशू आहे" एवढं वाचता आलं.

बोहाडा म्हणजे काय हे मला तिथे गेल्यावरच कळलं. होळीनंतर शेतं मोकळी असतात तेव्हा जव्हार-मोखाड्याची गावं आपापल्या सोयीने तो भरवतात. संबळ-सनई लागते, टेंभे पेटतात आणि देव नि राक्षस एकामागून एक नाचत येतात. गणपती पहिला, जगदंबा शेवटची, तांबडं फुटताना. प्रत्येक सोंग एकेका घराच्या मानाचं. बाप थकला की ते मुलाने तोंडाला बांधायचं. वर्षभर सोंग त्या घरच्या माळ्यावर लाल फडक्यात गुंडाळलेलं असतं आणि बोहाड्याच्या आधी एक दिवस रंगवायला देवळापुढे येतं.

सोंग घडवण्याचे नियम नवसूबाबाने मला एका दमात सांगितले होते. "आदी नाक, मंग डोळे. डोळे उघडलं का तो देव झाला. देवाला लोखंड लावायाचं नाय."

म्हणजे एकदा डोळे उघडले की खरोखरच नाही. चाकू नाही, पटाशी नाही, खिळा नाही. दुकानच्या ब्रशाला पत्र्याची पट्टी असते म्हणून तो ब्रशही चालत नसे. दातवणासारखी काडी चावून तिची कुंचली करायची आणि तिने रंग द्यायचा. लोखंड लागलं तर देव निघून जातो, आणि ज्या घराचा मान त्या घरावर त्याचं खापर फुटतं. मी शिकलेली बाई, मनातल्या मनात हसले. बाहेर हसायची हिंमत नव्हती.

एकदा ठाण्याहून एक गृहस्थ जीप घेऊन आले. दिवाणखान्यात लावायला त्यांना मुखवटा हवा होता. नवसूबाबा कागदाची सोंगं विकायचा, त्याचं त्याला काही नव्हतं. पण त्याची एक अट असे. त्याने वेताळाचं सोंग पुढे केलं. "त्वांडाला बांदा."

"अहो, मला घालायचं नाहीये. भिंतीवर लावायचंय."

"बांदा तं."

गृहस्थ हसत हसत तयार झाले. त्याने सोंग बांधलं, मागून फडकं आवळलं आणि त्यांच्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. चौथ्या फेरीला गृहस्थांचं हसू थांबलं. सातव्या फेरीला म्हाताऱ्याने त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि फडकं सोडलं. "चालतंय. न्या."

"आणि चाललं नसतं तर?" घाम पुसत त्यांनी विचारलं.

"तं मोडला असता. श्वास नाय लागत त्या भिंतीला. पन उंद्या कोनी पोरगं काढंल आन घालंल."

गृहस्थ जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "कलावंत विक्षिप्तच असतात." मीही मान डोलावली. माझीही समजूत तीच होती.

ती समजूत मोडली त्या वर्षीच्या चैत्रात. रंगकामाच्या दिवशी दुपारी मी देवळाकडे गेले होते. ऊन असं की गावची कारभारी मंडळी मोहाच्या सावलीत आडवी झालेली. सोंगं ओळीने वाळत ठेवलेली होती. नवसूबाबा देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या मांडीत काळभैरवाचं सोंग पालथं होतं आणि हातात साळिंदराचा काटा. नाकपुडीच्या भोकात तो काटा घालून आतून, सावकाश, गोल गोल फिरवत होता. काटा मोडला. त्याने कनवटीचा दुसरा काढला.

त्या भैरोबाबद्दल मी ऐकून होते. गावात तो सगळ्यांत जागृत. शिवणीच्या लाकडाचा, जड, काळा तुकतुकीत. ओठ घट्ट मिटलेले आणि नाक असं सरळ, धारदार की बघत राहावं. बरीच वर्षं तो कुणी तोंडाला बांधला नव्हता. ताटात ठेवून मिरवायचे. कारण शेवटी ज्याने तो बांधला होता त्याला देवाने नाचता नाचता आपल्यात घेतलं. तो माणूस म्हणजे धाकू, नवसूबाबाचा धाकटा भाऊ, जनीबाईचा नवरा. त्या घराला तेव्हापासून गावात वेगळा मान होता. लग्नात जनीबाईला, विधवा असूनही, पुढे बसवत. लांबलांबची माणसं तिच्या माळ्याखाली नारळ ठेवून जात.

"बाबा, काय करताय?" मी विचारलं.

त्याने दचकून काटा लपवला. मग मीच आहे असं बघून पुन्हा बाहेर काढला. "नाक साफ करतो."

"रंग भरला का भोकात?"

मोहाखाली कुणीतरी घोरत होतं. त्याने तिकडे कान दिला, घोरणं नीट चालू आहे याची खात्री केली आणि बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, सोंगाकडे बघत.

"माजा बाप बोलायचा, आदी नाक कर. बोट जाईल येवडं कर. आत मानूस हाय. ह्यो भैरोबा केला तवा मी जवान होतो. बाप मेलेला. मी आदी डोळे आखलं, व्हट केलं. नाक मागं ठेवला. आन नाक असा झाला बाई, असा झाला... मोटी भोकं पाडावी तं नाकाचा सगळा डौल जात होता. मंग बारीक पाडली. जोंधळ्याच्या दान्यायेवडी. बोललो, पुरं झाली, आन डोळे उघडलं."

"मग?"

"मंग धाकूनं बांदला. दिसभराचा उपास. टेंब्याचा धूर. तो नाचला नं बाई, लय नाचला. हात असं वर करत होता. गाव बोलला, देव आला. वाजवनारं आनखी जोरानं वाजवाया लागलं. मी पन बोललो, देव आला." त्याने काटा खाली ठेवला. "तो फडकं सोडा बोलत होता. हातानं. मना आता कळतंय. तवा मी हात जोडून हुबा होतो."

उपास होता, उन्हाळा होता, हृदयाचं काही असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. कुणी डॉक्टर नव्हता, कुणी तपासलं नाही. पण त्याला माहीत होतं, आणि माहीत असलेल्या माणसासमोर असल्या शक्यता मांडणं किती पोकळ वाटतं ते त्या दिवशी कळलं. घरोघरच्या गोधड्या तो का ओढतो तेही कळलं. माझी मलाच लाज वाटली.

"दुसरं सोंग करा ना याच्या जागी," मी म्हटलं.

"गाव नाय बोलतं. ह्याच्यात देवानं मानूस घेतला. ह्यो कसा बदलनार?"

"आणि भोक मोठं करायचं तर..."

"डोळे उघडल्यात. लोखंड नाय चालत." त्याने काट्याचं टोक मला दाखवलं. "ह्ये लोखंड नाय."

वर्षातून एक दिवस सोंग त्याच्या हाती येई. त्यातल्याही एका दुपारी, गाव झोपलेलं असताना, त्याला तासभर मिळे. काटा, नदीची वाळू, कधी दगडाची कपची. शिवणीचं लाकूड जुनं होऊन हाडासारखं कडक झालेलं. इतक्या वर्षांत जोंधळ्याचा दाणा जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा झाला होता. घाई कसली, हे मी विचारलं नाही. जनीबाईचा मुलगा भास्कर तेव्हा आश्रमशाळेत नववीला होता. मान त्याचा होता.

पुढची पाच वर्षं प्रत्येक बोहाड्याला मी त्या दुपारी देवळाकडे जायचे. काही ना काही निमित्त काढून कारभाऱ्यांशी जनगणनेच्या, पटनोंदणीच्या गप्पा मारत बसायचे, म्हणजे कुणी भिंतीकडे बघू नये. मी आणि नवसूबाबा याबद्दल एक अक्षर बोललो नाही. संध्याकाळी शाळेवरून जाताना तो फक्त करंगळीचं टोक दाखवायचा. यंदा एवढं झालं.

मग भास्कर आला. तो नाशिकला एका कारखान्यात लागला होता, केस मागे वळवलेले, बोलण्यात थोडी हिंदी. होळीला घरी आला तो सांगतच आला, की यंदा भैरोबा मी बांधणार. कारभारी खूश झाले. वीस वर्षांनी भैरोबा नाचणार, आसपासच्या गावांना निरोप गेले.

नवसूबाबाने त्याला शाळेच्या ओट्यावर गाठलं. "बांदू नको. हातात धर आन नाच."

"का, मोटाबाबा?"

"जड हाय."

"मी गोदाम में पचास किलो उचलतो, मोटाबाबा." भास्कर हसला, पण लगेच गंभीर झाला. "बापाला देवानं घेतलं आन पोरगा भ्याला, असं बोलंल गाव. आयला तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का?"

म्हातारा उठून गेला. भास्करला खरं सांगायचं तर आधी त्याच्या आईला सांगायला हवं होतं, आणि वीस वर्षांत तेच त्याला जमलं नव्हतं.

ते त्याने दुसऱ्या दिवशी केलं. तोवर शाळेत खिचडी शिजायला लागली होती आणि ते काम जनीबाईकडे होतं. वर्गाला लागूनच पत्र्याची पडवी होती, तिथे चूल. माझ्या खुर्चीवरून सगळं ऐकू यायचं. मी पोरांना शुद्धलेखन घातलं आणि ऐकत राहिले. चोरून ऐकलं, हे कबूल करते.

त्याने तिला सगळं सांगितलं. नाक, जोंधळ्याचा दाणा, वर केलेले हात. एकही शब्द सोडला नाही. ती तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज मधे थांबला नाही.

"म्हंजे धाकूला देवानं नाय नेला, जने. मी नेला."

सूप थांबलं.

"दादा," जनीबाई म्हणाली, "मी बावीस वर्साची होतू. पोरगं मांडीवर. देवानं नेला बोललं म्हनून ह्या पाड्यानं मना ठेवून घेतली. नायतं माहेराला जावं लागतं, पोराला घेऊन कुटं इटांच्या भट्टीवर मरावं लागतं. देवानंच नेला माजा मानूस. तुमी आता आनखी येकदा नका नेऊ त्याला."

"मंग भास्कर?"

सूप पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने नवसूबाबा वर्गाच्या दारावरून गेला. त्याने आत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही बाजू खरी वाटली. असा राग मग रेंगाळत राहतो, तो काढायला जागा नसते.

बोहाड्याला चार दिवस उरले असताना जनीबाई नेहमीपेक्षा लवकर शाळेत आली. डोक्यावर लाकडांची मोळी नव्हती, पाटी होती. पाटीत वर सुकी पानं. ती पडवीत उतरवून तिने चूल पेटवली, खिचडीचं पातेलं चढवलं आणि एका पोराला पिटाळलं, "जा, मोट्या बाबाला बोलव. चूल धुरतंय सांग."

नवसूबाबा आला. "आत मानूस हाय का?" असं म्हणून पडवीत शिरला आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. मी उठून खिडकीशी गेले. पाटीतली पानं बाजूला झालेली, लाल फडकं उघडं आणि भैरोबा चुलीच्या उजेडात वर बघत होता. जाळात एक लोखंडी सळई खुपसलेली होती. टोक लाल झालं होतं.

जनीबाई पातेल्याकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"खिचडी ढवळतंय मी," ती म्हणाली. "ढवळताना मना दुसरं काय दिसत नाय."

म्हातारा सळईकडे बघत राहिला. आयुष्यभर डोळे उघडलेल्या देवाला त्याने सुई लावली नव्हती. त्याचा हात पुढे जाई आणि मागे येई. मग त्याने सोंगाला नमस्कार केला, पदर ओढून घ्यावा तसं ते लाल फडकं भैरोबाच्या डोळ्यांवरून ओढलं आणि सळई उचलली.

मी खिडकीतून मागे फिरले आणि वर्गाला ओरडले, "पाढे! सगळ्यांनी! मोठ्याने!" चाळीस पोरं बे एके बे पासून सुरू झाली. जळत्या लाकडाचा वास खिडकीतून आत आला. एका मुलीने नाक मुरडून "बाई, खिचडी लागली" असं सांगितलं. मी तिला गप्प बसवलं. पोरं सतराच्या पाढ्याला पोचली तेव्हा जनीबाई पाटी डोक्यावर घेऊन घराकडे निघाली होती. खिचडी खरोखरच लागली होती. त्या दिवशी पोरांनी ती तशीच खाल्ली.

रंगकामाच्या दिवशी नवसूबाबाने जळल्याच्या खुणा काळ्या रंगाने झाकल्या. नाकाचा डौल गेला होता. भैरोबा आता एखाद्या थकलेल्या शेतकऱ्यासारखा दिसत होता, नाकपुड्या फेंदारलेल्या. एका कारभाऱ्याने निरखून बघितलं. पण तो एवढंच म्हणाला, "देवाचं त्वांड रागीट झालं. पोरगा बांदनार, देवाला कळलंय."

भैरोबाची पाळी जगदंबेच्या आधीची, पहाटेची. मी देवळाच्या पायरीवर जनीबाईजवळ उभी होते. भास्कर आला. अंगात लाल झगा, हातात लाकडी तलवार, आणि त्या नाकाचं ते काळं तोंड. संबळ असं कडाडलं की छातीत आदळत होतं. त्याच्या पुढ्यात, तोंड त्याच्याकडे करून, नवसूबाबा उलटा चालत होता. कान पुढे, हात पुढे, फडक्याची गाठ सोडायला तयार. लोक त्याला बाजूला हो म्हणून ओरडत होते. तो ऐकत नव्हता. त्याला ऐकायचं होतं ते फक्त एकच. भास्करने एकदा दोन्ही हात वर केले. नवसूबाबाने त्याक्षणी संबळवाल्याच्या हातावर झडप घातली, वाजवणं तुटलं, सगळं गाव ओरडलं. भास्कर जागच्या जागी गिरकी घेऊन पुढे नाचायला लागला. तो नुसता नाचत होता. वाजवणारे म्हाताऱ्याला शिव्या देत पुन्हा सुरू झाले.

शेवटी तांबडं फुटलं, जगदंबेची सनई लागली आणि भास्कर देवळामागच्या कातळावर येऊन बसला. मी आणि जनीबाई मागोमाग गेलो. नवसूबाबाने गाठ सोडली. सोंग काढलं. भास्करचा चेहरा घामाने निथळत होता, लालबुंद, जिवंत. तो हसला, "पानी दे, आय," आणि लोटा घेऊन घटाघटा प्यायला. मग उठला आणि मित्रांच्या घोळक्यात निघूनही गेला. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

मला रडू येत होतं. मी म्हटलं, "बाबा, झालं. सुटलात."

नवसूबाबा सोंग मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. "आत दोगं होती, बाई."

"काय?"

"नाचताना. मी कान दिला होता. येक भास्करचा श्वास होता. त्याच्या मागं दुसरा येत होता."

"दमल्यावर तसं होतं," मी म्हटलं. "आत घुमतो आवाज."

"असंल." त्याने सोंगावरचा घाम तळहाताने पुसला. "पन भास्कर तं गेला. ह्यो आजून चालू हाय."

सनई देवळापुढे पोचली होती, लोक जगदंबेच्या पाया पडायला पळत होते. जनीबाई आमच्यामध्ये येऊन बसली. त्याच्या मांडीवरचं सोंग दोन्ही हातांनी उचललं, त्याची ती विद्रूप झालेली नाकपुडी आपल्या कानाशी लावली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचे ओठ हलले. ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती. भास्करचं नाव मी ऐकलं, कारखान्याचं ऐकलं. बाकीचं माझ्यासाठी नव्हतं.

मी उठले आणि देवळाकडे गेले.